मुलांच्या ताब्याचे आदेश : फेरबदलाचा हक्क आणि श्रमजीवी पालक

जमिनीचा दावा अखेरच्या न्यायालयात एकदा निकालात निघाला म्हणजे तो पुन्हा उकरून काढता येत नाही. वादाला कोठेतरी शेवट असला पाहिजे, हे दिवाणी न्यायाचे मूलतत्त्व आहे आणि ते योग्यही आहे. परंतु विभक्त झालेल्या आईबापांपैकी मूल कोणाजवळ राहील हे जेथे ठरते, तेथे हे तत्त्व जसेच्या तसे लागू करता येत नाही. जमीन शाळेत जात नाही, आजारी पडत नाही, वयात येत नाही, आणि आपल्याला कोणाजवळ राहावयाचे आहे हे बोलून दाखवीत नाही. मूल हे सर्व करते. तरीही आपल्या न्यायालयीन भाषेत जमिनीसाठी आणि मुलासाठी ‘ताबा’ हा एकच शब्द वापरला जातो. शब्दाचा हा दोष विचारातही उतरतो, आणि मुलाविषयीचा आदेश म्हणजे सातबाऱ्यावर लागलेली कायमची नोंद असा समज पालकांमध्ये, पंचांमध्ये आणि कित्येक कार्यकर्त्यांमध्येही दृढ होऊन बसतो.

कायद्याची भूमिका याच्या नेमकी उलट आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या २६ व्या कलमानुसार घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यानंतरही मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांविषयीचे आदेश न्यायालयाला वेळोवेळी रद्द करता येतात, स्थगित करता येतात वा बदलता येतात. नोंदणी पद्धतीने विवाह केलेल्यांसाठी विशेष विवाह अधिनियम, १९५४ च्या ३८ व्या कलमात अशीच तरतूद आहे. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम तर सर्वच धर्मीयांना उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली स्पष्ट केले की, मुलांच्या ताब्याचा आदेश दोन्ही पक्षांच्या संमतीने झालेला असला तरी मुलाच्या हितासाठी तो बदलता येतो. कारण मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि त्यांची खेळणीही नव्हेत. तात्पर्य, दार कायद्याने उघडे ठेवले आहे. त्या दारातून प्रत्यक्षात कोणाला आत जाता येते, हा खरा प्रश्न आहे, आणि तो केवळ कायद्याचा नसून वर्गीय विषमतेचा प्रश्न आहे.

एका जीवनातील दोन खटले

झालेली व्यवस्था बदलून घेण्याचा हा हक्क स्वभावतः पुरोगामी आहे असे मानण्याचे कारण नाही. अ‍ॅनी बेझंट हे नाव होमरूल चळवळीमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. त्यांच्या जीवनात मुलांच्या ताब्याचा प्रश्न दोनदा उभा राहिला, आणि दोन्ही वेळा तो आधी ठरलेली व्यवस्था बदलण्याचाच होता.

१८७३ साली पतीपासून विभक्त होताना झालेल्या करारानुसार त्यांची लहान मुलगी मेबेल त्यांच्याकडे राहिली. पुढे १८७७ साली चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासह त्यांनी संततिनियमनावरील एक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि इंग्लंडभर गाजलेला खटला त्यांच्यावर झाला. धर्मोपदेशक असलेल्या पतीने याचा आधार घेऊन चॅन्सरी न्यायालयाकडे धाव घेतली, आणि १८७८ साली न्यायमूर्ती जेसेल यांनी ही मुलगी आईकडून काढून बापाच्या हवाली केली. मुलीची आबाळ होत होती म्हणून हे घडले नाही. आईची नास्तिक मते आणि ती पुस्तिका हीच तिची अपात्रता ठरली.

दुसरा प्रसंग भारतातील. १९१० साली जे. कृष्णमूर्ती व त्यांचे बंधू नित्यानंद यांचे पालकत्व त्यांच्या वडिलांनी पत्राद्वारे बेझंटबाईंकडे सोपविले. पुढे त्यांचा विचार पालटला आणि १९१२ साली त्यांनी मुले परत मिळावीत म्हणून मद्रासमध्ये दावा लावला. १९१३ साली मद्रास उच्च न्यायालयाने वडिलांच्या बाजूने कौल दिला. १९१४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. मुले तोपर्यंत इंग्लंडमध्ये होती, आणि त्यांच्यासंबंधीचा विचार तेथील न्यायालयापुढे व्हावयास हवा होता, हे त्याचे मुख्य कारण. त्याच निकालात कौन्सिलने हेही मान्य केले की, आपले मूल दुसऱ्याकडे सोपविणाऱ्या पित्याची संमती त्याला कायमची बांधून ठेवीत नाही.

एका खटल्यात बेझंटबाई मूल गमावणाऱ्या आई होत्या, दुसऱ्यात मुले ठेवून घेणाऱ्या पालक. दोन्हींमधून निघणारा धडा एकच आहे. व्यवस्था बदलता येते की नाही, एवढ्यावर न्याय ठरत नाही. ती कोणत्या कसोटीवर बदलली जाते, यावर तो ठरतो. कसोटी बापाच्या हक्काची किंवा आईच्या शीलाविषयीच्या रूढ कल्पनांची असेल, तर फेरबदलाचा अर्ज हे शिक्षेचे हत्यार बनते. कसोटी मुलाच्या हिताची असेल, तरच तो मुलाचे संरक्षण ठरतो.

कसोटी बदलली, पण अर्धीच

भारतीय कायद्यात ही कसोटी सावकाश बदलत गेली. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाचे १३ वे कलम मुलाचे कल्याण सर्वोपरी मानते. परंतु त्याच अधिनियमाच्या ६ व्या कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि त्याच्यानंतर आई असा क्रम आहे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ राहावे, एवढीच सवलत आईला दिली आहे. १९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ ‘बापाच्या मृत्यूनंतर’ असा संकुचित न करता ‘बापाच्या अनुपस्थितीत’ असा व्यापक केला. २०१५ साली विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात आई व बाप यांना समान पालकत्व देण्याची शिफारस केली. न्यायालयाने अर्थ रुंदावला, आयोगाने शिफारस केली. संसदेने कलमाचे शब्द मात्र बदलले नाहीत.

फेरबदलाच्या अर्जांविषयी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय श्रमिक चळवळीतील प्रत्येकाने लक्षात ठेवावेत असे आहेत. पहिला १९९७ चा. वडील अमेरिकेत, आई भारतात नोकरी करून मुलाला वाढविणारी. वडिलांची सांपत्तिक स्थिती अधिक चांगली आहे आणि ते मुलाला परदेशी शिक्षण देऊ शकतात, हे ताबा फिरविण्यास पुरेसे आहे काय, असा प्रश्न होता. न्यायालयाने तो युक्तिवाद मान्य केला नाही. परिस्थिती बदलली तर आदेश बदलता येतो, पण तो बदल मुलाच्या हिताचा आहे हे सिद्ध करावे लागते. श्रीमंती म्हणजे हित नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. दुसरा निर्णय २०१० चा. मुलासह राहणाऱ्या शिक्षिका आईला ऑस्ट्रेलियात नोकरी मिळाली आणि संमतीने झालेल्या जुन्या आदेशातील भेटीची व्यवस्था बदलून घेणे तिला भाग पडले. मूल की नोकरी, अशी निवड स्त्रीवर लादता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने तो बदल मान्य केला.

पैसा हे पालकत्वाचे प्रमाणपत्र नाही, आणि स्त्रीचे काम हा तिचा दोष नाही, ही दोन तत्त्वे या निर्णयांनी प्रस्थापित केली. परंतु ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचू शकलेल्यांच्या दाव्यांत प्रस्थापित झाली. चाकणच्या कारखान्यातील कंत्राटी कामगार किंवा लातूरहून मुंबईस घरकामासाठी आलेली स्त्री यांच्यापर्यंत ती आपोआप झिरपत नाहीत.

न्यायालयाचे कॅलेंडर आणि कामगाराचे कॅलेंडर

सामान्य भेटीच्या आदेशात काय असते? महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी वा रविवारी मूल अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत बापाकडे. दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्टीचा निम्मा काळ एकाकडे, निम्मा दुसऱ्याकडे. या आदेशामागे एक विशिष्ट पालक गृहीत धरलेला असतो. त्याला रविवारी सुट्टी असते, त्याचे घर स्थिर असते आणि त्याचे उत्पन्न दरमहा ठरलेले असते. हा पालक मध्यमवर्गीय आहे.

श्रमिकांचे जीवन या साच्यात बसत नाही. वीजपुरवठ्याच्या सोयीसाठी औद्योगिक वसाहतींना आठवड्याचे वेगवेगळे दिवस सुट्टीचे म्हणून नेमले गेले. पिंपरी-चिंचवडच्या कामगाराची साप्ताहिक सुट्टी वर्षानुवर्षे गुरुवारी असते. गुरुवारी मूल शाळेत, रविवारी बाप यंत्रावर. रुग्णालयातील परिचारिकेची रात्रपाळी दर काही दिवसांनी फिरते. फोनवरून मागविलेले जेवण घरोघर पोहोचविणाऱ्या तरुणाला तर हक्काची साप्ताहिक सुट्टीच नाही. शनिवार-रविवार हे त्याच्या कमाईचे मुख्य दिवस. लालबाग-परळच्या चाळीतून पुनर्विकासामुळे वा वाढत्या भाड्यामुळे बदलापूर-विरारकडे सरकलेल्या कुटुंबाच्या बाबतीत, ज्या भेटीसाठी पूर्वी दहा मिनिटे चालावे लागे तिच्यासाठी आता मुलाला गर्दीच्या लोकलमधून दोन तास न्यावे लागते. आदेशाच्या कागदावर काहीच बदललेले नसते. मुलाचा रविवार मात्र प्रवासातच संपतो.

ऊसतोडीचे उदाहरण याहूनही बोलके आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतील मजूर दिवाळीच्या सुमारास घर सोडून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांवर जातात, ते हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. या धंद्यात मजुरीचा हिशेब ‘कोयत्या’वर होतो, आणि कोयता म्हणजे सामान्यतः नवराबायकोची जोडी. मुकादमाची उचलही त्याच हिशेबाने मिळते. जोडी तुटली की बाई ‘अर्धा कोयता’ होते. तिची उचल आणि तिची सौदाशक्ती दोन्ही घटतात. अशा स्त्रीचे मूल सहा महिने गावी आजीजवळ आणि सहा महिने तिच्या कोपीत राहते. बापाने उद्या अर्ज करून म्हटले की, आई मुलाला सोडून भटकते, तर न्यायालयाने तिच्या स्थलांतराला निष्काळजीपणा मानायचे की उपजीविका? वरच्या वर्गातील आई ऑस्ट्रेलियाला जाते तेव्हा ती नोकरीतील प्रगती ठरते. ऊसतोड कामगार आई कोल्हापूरला जाते तेव्हाही तीच कसोटी लावली गेली पाहिजे.

यातून एक विसंगती पुढे येते. ज्यांच्या जीवनात परिस्थिती वारंवार बदलते, त्यांना आदेशात बदल मागण्याची गरज सर्वाधिक असते. आणि तो मागण्याचे साधन त्यांच्याचकडे सर्वांत कमी असते. समजा, एका मजुराची दिवसाची कमाई ५०० रुपये आहे आणि न्यायालयात जाण्यायेण्याचा व खाण्याचा खर्च २०० रुपये. प्रत्येक तारखेला त्याचे ७०० रुपये जातात. अर्जाचा निकाल लागेपर्यंत पंधरा तारखा पडल्या, तर १०,५०० रुपये, म्हणजे एकवीस दिवसांची मजुरी, खर्ची पडते. यात वकिलाची फी धरलेली नाही. मागणी काय असते? तर भेट रविवारऐवजी गुरुवारी संध्याकाळी व्हावी. एवढ्या फेरबदलासाठी एकवीस दिवसांची मजुरी मोजण्यापेक्षा तो मुलाला भेटणेच सोडून देतो. मग दोन वर्षांनी त्याच्याविषयी म्हटले जाते की, बापाला मुलाची ओढच नाही.

काळाचा हिशेबही असाच विषम आहे. १९५५ च्या अधिनियमात २००१ साली दुरुस्ती होऊन, मूळ दावा चालू असताना मुलांच्या पोषण व शिक्षणासाठी केलेला अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकालात काढावा असे म्हटले गेले. ताब्याच्या वा भेटीच्या आदेशातील फेरबदलासाठी अशी मुदत त्या कलमात नाही. प्रौढांच्या दाव्यात दोन वर्षांचा विलंब ही गैरसोय असते. पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो त्याच्या जगलेल्या आयुष्याचा जवळजवळ निम्मा भाग असतो. शिवाय विलंब तटस्थ नसतो. मूल ज्याच्याजवळ आहे त्याच्याजवळ ते रुळते, शाळा व मित्र तेथेच होतात, आणि निकालाच्या वेळी हेच रुळणे त्याला तेथे ठेवण्याचे सबळ कारण ठरते. ज्याला तारखा लांबविणे परवडते त्याला हा लाभ मिळतो.

उघड्या दाराचा दुसरा धोका

येथवरचे विवेचन वाचून कोणी म्हणेल, तर मग दार सताड उघडे करा. कोणीही केव्हाही अर्ज करावा. हेही मुलाच्या हिताचे नाही, आणि श्रमजीवी स्त्रीच्या तर नाहीच नाही. ज्याच्याकडे पैसा आहे असा पक्ष एकामागून एक अर्ज करून दुसऱ्याला जेरीस आणू शकतो. पोटगीची थकबाकी मागितली की लगेच ताब्याचा अर्ज येतो, ही युक्ती न्यायालयांच्या परिसरात कोणाला अपरिचित नाही. मूल काढून घेतले जाईल या भीतीने कितीतरी बायका पोटगीवरील हक्क सोडतात आणि तडजोडीच्या कागदावर सही करतात. कागदावर तिला संमती म्हणतात. मुलाच्या बाजूने पाहिले, तर प्रत्येक नवा अर्ज म्हणजे पुन्हा समुपदेशकाचे प्रश्न, पुन्हा न्यायाधीशांच्या दालनातील भेट, आणि आईबापांपैकी एकाविरुद्ध बोलल्याचा पुन्हा तोच अपराधभाव.

२०१० च्या खटल्यातील आई ज्या देशात नोकरीसाठी गेली, त्या ऑस्ट्रेलियाने या पेचावर शोधलेला मार्ग अभ्यासण्यासारखा आहे. तेथील न्यायालयांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस असा नियम घातला की, मुलांविषयीचा अंतिम आदेश पुन्हा उघडण्यापूर्वी परिस्थितीत लक्षणीय बदल झाला आहे काय, हे आधी पाहावे. २०२३ च्या दुरुस्तीने हे तत्त्व कायद्यात लिहिले गेले आणि ६ मे २०२४ पासून ते अमलात आले. त्यानुसार न्यायालय प्रथम दोन गोष्टी तपासते. परिस्थितीत लक्षणीय बदल झाला आहे काय याचा विचार त्याला करावा लागतो, आणि आदेशाचा फेरविचार करणे हेच मुळात मुलाच्या हिताचे आहे, अशी त्याची खात्री पटावी लागते. दोन्ही पालक बदलास राजी असतील, तर हा उंबरठा आड येत नाही. यातील दुसरी कसोटी मोलाची आहे. कारण नव्याने खटला चालणे हीच मुलाला लागणारी झळ असते, हे ती मान्य करते.

परंतु हा नियम भारतात जसाच्या तसा आणला, तर गुरुवारच्या सुट्टीचा कामगार पुन्हा दाराबाहेरच राहील. ‘लक्षणीय बदल’ सिद्ध करण्यासाठीही वकील लागतो, कागदपत्रे लागतात, तारखा लागतात. म्हणून येथे दोन प्रकारच्या अर्जांत भेद केला पाहिजे. मूल कोणाजवळ राहील हेच बदलावयाचे असेल, तर उंबरठा उंच असावा आणि बदलाचा ठोस पुरावा मागितला जावा. भेटीचा दिवस, वेळ, जागा, मुलाला आणण्या-पोहोचविण्याची जबाबदारी एवढेच बदलावयाचे असेल, तर उंबरठा जवळजवळ नसावा. पहिल्या प्रकारात मुलाला स्थैर्य हवे असते. दुसऱ्यात, त्या स्थैर्याला धक्का न लावता, आईबाप दोघेही त्याला भेटत राहावेत एवढेच हवे असते. आज दोन्ही अर्ज एकाच रांगेत उभे राहतात आणि एकाच गतीने सरकतात.

मागणी कोणती करावी

कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ हा मुळात अशाच सुलभतेसाठी आला. कौटुंबिक वादांत नेहमीच्या दिवाणी पद्धतीहून सर्वस्वी वेगळा दृष्टिकोन हवा, असे विधी आयोगाने १९७४ साली ५९ व्या अहवालात म्हटले होते. या अधिनियमाने न्यायालयाला आपली कार्यपद्धती स्वतः ठरविण्याची मुभा दिली, समुपदेशकांची तरतूद केली, पुराव्याचे नियम शिथिल केले, आणि वकील हा पक्षकाराचा हक्क मानला नाही. न्यायालयाला आवश्यक वाटल्यास त्याने विधिज्ञाचे साहाय्य घ्यावे, एवढेच ठेवले. महाराष्ट्रात १९८९ पासून अशी न्यायालये उभी राहिली. कायद्याने ती दहा लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांत सक्तीची केली. जेथे ती नाहीत तेथे हे वाद नेहमीच्या दिवाणी व जिल्हा न्यायालयांत जमिनीच्या दाव्यांशेजारीच चालतात. आणि जेथे ती आहेत तेथेही प्रतिज्ञापत्रे, उत्तरे-प्रत्युत्तरे आणि तहकुबी यांची जुनी दिवाणी रीत नव्या इमारतीत येऊन बसली आहे.

हे बदलण्यासाठी प्रत्येक वेळी संसदेकडे पाहण्याची गरज नाही. या अधिनियमाच्या २१ व्या व २३ व्या कलमांनी नियम करण्याचे अधिकार अनुक्रमे उच्च न्यायालयाला व राज्य शासनाला दिले आहेत. म्हणून मागणी मुंबईत करता येते आणि ती नेमकी असली पाहिजे. भेटीच्या वेळापत्रकातील बदलासाठी साध्या मराठीत एक पानी छापील अर्ज असावा. तो समुपदेशकापुढे तीस दिवसांत निकाली निघावा आणि तडजोड झाल्यास न्यायाधीशांनी त्यावर आदेश द्यावा. मूळ आदेश देणारे न्यायालय दूर असेल, तर राहत्या तालुक्यातून अर्ज दाखल करण्याची आणि दूरदृश्य पद्धतीने हजर राहण्याची सोय असावी. २०२० च्या साथीत हे शक्य असल्याचे न्यायालयांनी स्वतःच दाखवून दिले. आठवड्यातून काही दिवस न्यायालय व समुपदेशक संध्याकाळी उपलब्ध असावेत. समुपदेशकांची पदे भरलेली असावीत व ती कायम स्वरूपाची असावीत. प्रत्येक तारखेला नवा समुपदेशक पाहणाऱ्या मुलाचा कोणावर विश्वास बसत नाही. आणि पोटगीची वसुली थकवून ताब्याचा अर्ज करणाऱ्याला, त्याने काही रक्कम तरी भरल्याशिवाय, पुढे जाऊ देऊ नये. या शेवटच्या मागणीत मात्र एक अपवाद हवा. बेकारीमुळे खरोखरच असमर्थ झालेला पालक आणि ऐपत असून पैसे दडविणारा पालक यांना एकाच मापाने मोजता कामा नये, आणि मुलाला धोका असेल तेथे पैशाची अट आड येता कामा नये.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

शासनाकडे बोट दाखविल्याने चळवळीची जबाबदारी संपत नाही. नवराबायकोचा वाद घेऊन माणसे आधी न्यायालयात जात नाहीत. ती संघटनेच्या कार्यालयात, सरपंचाकडे, जातीच्या पंचांकडे जातात. तेथे मुद्रांकावर फारकतीचा कागद होतो आणि त्यात मुलाविषयी एक ओळ घातली जाते : मुलगा बापाकडे, मुलगी आईकडे, पुढे कोणाची तक्रार नाही. अशा कागदाने न्यायालय बांधले जात नाही. न्यायालयापुढे संमतीने झालेला आदेशही जेथे बदलता येतो, तेथे पंचांच्या साक्षीने झालेला करार कायमचा कसा ठरेल? कार्यकर्त्यांनी असे कागद करू नयेत, आणि कोणी केलेले असतील तर ते अखेरचे नाहीत हे त्या स्त्रीला सांगावे.

यापुढील मदत साधी पण चिकाटीची आहे. मूळ आदेशाची प्रमाणित प्रत मिळवून देणे हे पहिले काम. पुष्कळांकडे ती नसतेच. आदेशानंतर नेमके काय बदलले, ते तारखांसह लिहून काढावे : पाळी, बदली, घर, शाळा, मुलाचे आजारपण, मुलाचे वय. त्याचा पुरावा गोळा करावा : शाळेचा दाखला, कारखान्याचे पाळीपत्रक, भाडेपावती. आणि ‘आदेश बदलावा’ एवढेच न लिहिता, कोणते नवे वेळापत्रक मुलाला सोयीचे होईल ते अर्जात मांडावे. न्यायालयाला नकारापेक्षा पर्याय उपयोगी पडतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो, ही माहिती प्रत्येक शाखेच्या फलकावर असावी.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. आदेश बदलेपर्यंत जुना आदेश पाळावाच लागतो. तो अन्यायकारक आहे असे वाटून मूल दडवून ठेवणारा पालक पुढच्या अर्जात स्वतःचीच बाजू दुबळी करतो, आणि मूल या ओढाताणीत सापडते. कामगाराला संपाचा हक्क आहे. परंतु मुलाला ओलीस ठेवून संप करता येत नाही, हे त्याला त्याच्याच संघटनेने सांगितले तर पटते.

श्रमिकांच्या चळवळीने मजुरी, घर आणि रेशन हे आपले प्रश्न मानले. मुलांच्या ताब्याचा प्रश्न मात्र खासगी म्हणून वकिलांवर सोडून दिला. वास्तविक कामाचे तास कोणी ठरवायचे, या जुन्याच लढ्याचा तो एक भाग आहे. आठ तास कामाचे, आठ तास विश्रांतीचे आणि आठ तास स्वतःचे, ही मागणी जगभरच्या कामगारांनी केली तेव्हा त्या शेवटच्या आठ तासांत मुलांसाठीचा वेळही होता. कुटुंब दुभंगले म्हणून तो वेळ रद्द होत नाही. कारखान्याने पाळी बदलली, तर न्यायालयाचा आदेशही तितक्याच सुलभतेने बदलता आला पाहिजे. विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनापूर्वी प्रत्येक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील अशा अडलेल्या अर्जांची, पक्षकारांची नावे गुप्त राखून, यादी केली, तर उच्च न्यायालयाकडे आणि राज्य शासनाकडे नियमदुरुस्तीची मागणी पुराव्यानिशी नेता येईल. ते काम आजपासून हाती घेण्यासारखे आहे.